महालातल्या बागा कुठे गेल्या?

नागपूरच्या महालात पत्ता विचारला, तर अजूनही बागांच्या नावाने रस्ता सांगितला जातो. केळीबाग, तुळशीबाग, थोडे पुढे रेशीमबाग. ‘बाग’ हा शब्द फारसीतून आला आणि मराठीत इतका मुरला की तो बाहेरचा आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. केळीबाग रोडवर मात्र आज केळी नाहीत. आहेत ती दुकाने आणि गाड्यांची गर्दी.

देवगडचे गोंड राजे बख्त बुलंद शाह यांनी १७०२ साली नागपूर वसवले. त्यांचे पुत्र चांद सुलतान यांनी येथे राजधानी आणली, शहराभोवती कोट बांधला आणि प्रवाह अडवून तलाव केला. तोच जुम्मा तलाव. त्यालाच लोक शुक्रवारी तलाव म्हणू लागले आणि पुढे तो गांधीसागर झाला. जुम्मा दरवाजाचेही गांधीगेट झाले. नावे बदलली, तरी पाणी सगळ्यांचे राहिले.

नंतर भोसल्यांनी बागा उभारल्या. तुळशीबाग शहरात, तर महाराजबाग, सक्करदरा आणि तेलंगखेडी शहराबाहेर. त्या राजघराण्याच्या बागा होत्या. सर्वांसाठी सार्वजनिक पैशातून बाग करावी, हा विचार त्यामानाने अलीकडचा. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलसमोरच्या बर्कनहेड गावात १८४७ साली असे उद्यान खुले झाले. कोंदट वस्तीत राहणाऱ्या माणसालाही मोकळी हवा मिळावी, हा त्यामागचा हेतू होता. आपल्याकडे महाराजबाग आणि तेलंगखेडी आता सर्वांना खुल्या आहेत. पण महालातल्या आजीला किंवा लहान मूल कडेवर असलेल्या आईला तिथे रोज जाणे जमत नाही.

आणि गरज तर रोजची आहे. महाल, हंसापुरी, मोमिनपुरा या जुन्या वस्त्यांत घराला घर लागून आहे. अंगण नाही, गच्ची तापलेली. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पुरुष चौकात, टपरीवर उभे राहतात. मुले गल्लीत गाड्या चुकवत खेळतात, नाहीतर मोबाइल घेऊन बसतात. घरातल्या बाईने असरनंतर अर्धा तास कुठे बसावे? गुडघे दुखणाऱ्या आजोबांनी कुठे चालावे?

१७ मार्च २०२५ रोजी, रमजानच्या दिवसांत, महालात हिंसाचार झाला आणि पुढचे काही दिवस अनेक भागांत संचारबंदी होती. त्या दिवसांत दोन खोल्यांत अडकलेल्या कुटुंबांना भिंती किती जवळ आहेत ते कळले. बाग दंगल थांबवते असे नाही. पण एकाच झोपाळ्यासमोर रांगेत उभी राहणारी मुले आणि त्यांच्यावर लक्ष ठेवत एका बाकावर बसणाऱ्या आया एकमेकींना नावाने ओळखू लागतात. अफवा पसरते तेव्हा ही ओळखच उपयोगी पडते.

मग आपण काय करू शकतो? वस्तीत उरलेली मोकळी जागा कोणती, तिथे दिवा, बाक, पिण्याचे पाणी आणि बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का, हे पाहून सर्व समाजाच्या शेजाऱ्यांच्या सह्यांनिशी महापालिकेच्या उद्यान विभागाला अर्ज द्यावा. उभे झाड जपावे. महाराष्ट्रात शहरी भागातले झाड तोडायला १९७५ च्या कायद्यानुसार परवानगी लागते. मशिदीच्या किंवा शाळेच्या आवारात जागा असेल तर कडुनिंब लावावा आणि वजूचे पाणी मुळाशी जाईल अशी सोय करावी. लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्ले तरी ते लावणाऱ्याच्या नावे सदका ठरते, ही शिकवण आपल्याला ठाऊक आहेच.

आणि सुटीच्या दिवशी मुलांना गांधीसागरच्या काठी न्या. हा तलाव कुणी केला ते सांगा. आपल्या शहराचे पाणी आणि सावली ज्यांना आपली वाटते, तीच मुले उद्या तिथे कचरा टाकणाऱ्याचा हात धरतील.