परसातील कोंबड्या : हिवाळी निगा

घराच्या परसात वा अंगणात मोकळ्या सोडून पाळलेल्या पाच ते वीस कोंबड्यांचे थंडीच्या दिवसांत रक्षण कसे करावे, याचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. मोठ्या कुक्कुटशाळेत थोडी मरतूक हिशेबात धरलेलीच असते. परसात मात्र सहांपैकी दोन कोंबड्या गेल्या, तर त्या घराचे अंड्यांचे उत्पन्नच खुंटते. असे नुकसान प्रत्यक्ष थंडीने क्वचितच होते. थंडीच्या धास्तीने खुराडे चोहोबाजूंनी बंद केले जाते आणि आत साचणारी ओल व कोंदट हवा यांमुळे कोंबड्या दगावतात.

कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१° से. असते. पिसे फुलवून ती त्यांत हवेचा थर धरून ठेवते आणि या थरामुळे शरीराची ऊब टिकते. पिसे भिजली किंवा वाऱ्याच्या झोताने विस्कटली की हा थर नाहीसा होतो. पायांतील रोहिण्या व नीला एकमेकींलगत असल्यामुळे पावलांकडे जाणारे उष्ण रक्त परतणाऱ्या थंड रक्ताला ऊब देते. त्यामुळे उघड्या पायांतून फारशी उष्णता वाया जात नाही. तुरा आणि चोचीखाली लोंबणारे मांसल पाळे यांना मात्र पिसांचे आच्छादन नसते. पारा शून्याखाली उतरतो अशा प्रदेशांत हेच भाग हिमदंशाने काळे पडतात. पांढऱ्या लेगहॉर्नसारख्या उंच, एकेरी तुऱ्याच्या जातींना हा धोका अधिक, तर बसक्या तुऱ्याच्या वायंडॉट व ब्रह्मा या जातींना कमी असतो. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील ओका येथील मठात ब्रदर विल्फ्रिड शातलँ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी शाँतक्लेर ही जात तयार केली, ती तुरा अगदी आखूड असावा हा हेतू धरूनच.

निवारा : प्रौढ कोंबडी दिवसाला सुमारे पाव लिटर पाणी पिते. त्यातील अंड्यात जाणारा थोडा अंश सोडला, तर बाकीचे श्वासावाटे व विष्ठेवाटे बाहेर पडते. ताज्या विष्ठेत तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक पाणी असते. म्हणजे दहा कोंबड्यांच्या खुराड्यात रोज दोन लिटरांच्या आसपास पाणी हवेत व जमिनीवर पडू शकते. हवा बाहेर जाण्यास वाट नसेल, तर ही वाफ थंड पत्र्यावर गोठते वा थेंबाथेंबाने पाठीवर ठिबकते. ओल्या विष्ठेतून अमोनिया वायू सुटतो. त्याने श्वासनलिकेचे आतील अस्तर दुखावते आणि रोगजंतूंना वाट मिळते. पहाटे खुराड्याचे दार उघडून कोंबडीच्या उंचीवर तोंड नेले असता डोळे चुरचुरले, तर वायुवीजन अपुरे आहे असे समजावे.

यासाठी छपराखाली, कोंबड्या बसतात त्या दांडीच्या बरीच वर, दोन बाजूंना जाळीची मोकळी फट ठेवतात आणि ती रात्रीही बंद करीत नाहीत. दांडीच्या पातळीवर मात्र वाऱ्याचा झोत येता कामा नये. महाराष्ट्रात थंडीचे वारे बहुधा उत्तर व पूर्व दिशांकडून येत असल्याने त्या बाजूंना गोणपाट लावणे पुरते; वळचणीखाली वीतभर जागा मोकळी सोडावी. सगळ्या खुराड्याभोवती प्लॅस्टिकचा कागद गुंडाळण्याची पद्धत अपायकारक आहे. नासिक जिल्ह्यातील निफाड परिसरात काही वर्षी किमान तापमान ५° से.च्याही खाली जाते. अशा थंडीतही पूर्ण पिसे आलेली निरोगी गावठी कोंबडी गोठ्याच्या आढ्यावर रात्र काढू शकते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तेथे तिला भय असते ते मांजर, मुंगूस व कोल्हा यांचे. बांबूच्या डालग्यात हवा खेळते, पण ते ओल्या जमिनीवर ठेवू नये. खाली तूस पसरून त्यावर कोंबड्या डालाव्यात.

बसण्याची दांडी गोल व बारीक असण्यापेक्षा ४–५ सेंमी. रुंद व सपाट असावी, म्हणजे बसलेल्या कोंबडीची बोटे पोटाच्या पिसांखाली झाकली जातात. जमिनीवर भाताचे तूस, लाकडाचा भुसा किंवा भुईमुगाची टरफले यांचा १०–१५ सेंमी. जाडीचा थर देतात (गादी पद्धत). तो अधूनमधून खालीवर करून ओला भाग काढून टाकतात.

श्रीनगर येथे २१ डिसेंबरपासून सुरू होणाऱ्या ‘चिल्लई कलान’ या चाळीस दिवसांच्या कडाक्यात रात्रीचा पारा शून्याखाली असतो. लडाखमध्ये तो त्याहूनही पुष्कळ खाली जातो. तेथील पारंपरिक घरांचा तळमजला गुराढोरांसाठी असतो व त्यांच्या उबेचा लाभ वरच्या मजल्यालाही मिळतो. कोंबड्यांसाठी शेगडी वा कांगडी बंद जागेत ठेवणे मात्र सर्वथा टाळावे. कोळशाच्या धगीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडने कोंबड्या आणि माणसे दोन्ही मरतात. सैल टांगलेला विजेचा दिवा भुशावर पडून आग लागण्याचा संभव असतो. प्रौढ कोंबडी स्वतःच सुमारे १० वॉट उष्णता बाहेर टाकते, म्हणून कोरड्या खुराड्यात तिला बाहेरून ऊब देण्याची सहसा गरज नसते.

पिले : वरील विधान पिलांना लागू नाही. महाराष्ट्रातील हिवाळ्यात खरी मरतूक त्यांचीच होते. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिलाच्या अंगावर केवळ लव असते आणि पहिले दोन-तीन आठवडे त्याला शरीराचे तापमान राखता येत नाही. खुडूक कोंबडी पंखांखाली ही ऊब पुरविते. मात्र तिला मावतील इतकीच पिले तिच्याकडे सोपवावीत. विकत आणलेल्या पिलांना पहिल्या आठवड्यात ३२°–३५° से. ऊब देऊन पुढे दर आठवड्यास ती सुमारे ३° से.ने कमी करीत जातात. तापमापक नसला, तरी पिलांच्या वागणुकीवरून अंदाज येतो. ती दिव्याखाली एकमेकांवर चढून गर्दी करू लागली तर ऊब कमी पडते आहे, चोची उघडून दूर सरकली तर ती अधिक झाली आहे आणि सर्वत्र पसरून टिपू लागली तर ती योग्य आहे.

आहार व पाणी : थंडीत शरीर उबदार राखण्यासाठी अधिक ऊर्जा खर्च होते, म्हणून कोंबड्या खातात अधिक. सायंकाळी मूठभर मक्याची वा ज्वारीची कणी दिल्यास ती रात्री पचत असता ऊब देते. नुसत्या धान्यावर भागवू नये. पिसे झडून नवी येत असता प्रथिने अधिक लागतात. गोठलेले पाणी ही अतिथंड प्रदेशांतील मोठी अडचण होय. पाणी न मिळाल्यास कोंबडीचे खाणे व अंडी देणे लवकरच थांबते, म्हणून तेथे दिवसातून दोन-तीन वेळा कोमट पाणी देतात.

अंडी कमी होण्याचे प्रमुख कारण थंडी नव्हे, तर दिवसाचा अल्प अवधी होय. अंड्यांचे प्रमाण टिकण्यासाठी दिवसाला १४–१६ तास प्रकाश लागतो. डिसेंबरच्या अखेरीस नासिकला तो सुमारे ११ तास, तर श्रीनगरला १० तासांहून किंचित कमी मिळतो. विजेच्या दिव्याने ही उणीव भरून काढता येते. तथापि चार-सहा कोंबड्यांच्या परसात हा खटाटोप न करता त्यांना विसावा देणेच बरे.

रोग : कोंदट खुराड्यात सर्दी व श्वसनाचे रोग फैलावतात, ओल्या गादीमुळे पिलांना रक्ती हगवण होते. राणीखेत अथवा मानमोडी या विषाणुजन्य रोगाला कुमाऊँ टेकड्यांतील ज्या गावाचे नाव पडले आहे, ते थंड हवेचेच ठिकाण आहे. थंड हवेत या रोगाचा विषाणू दीर्घकाळ टिकतो. या रोगावर खात्रीचा उपचार नाही; म्हणून पिलांना पाचव्या ते सातव्या दिवशी ‘लासोटा’ लस आणि सहा ते आठ आठवड्यांच्या वयात ‘आर टू बी’ लस देतात. एका कुपीत शंभर वा त्याहून अधिक मात्रा असल्याने आणि उघडलेली लस काही तासांतच निकामी होत असल्याने, वाडीतील सर्व घरांनी एकाच दिवशी लसीकरण करणे सोयीचे ठरते. बर्ड फ्ल्यूचा भारतातील पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाला, तेव्हा आसपासच्या परसांतील कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या. हिवाळ्यात स्थलांतरित पाणपक्षी येत असल्याने तळ्याकाठच्या गावांत कोंबड्या त्यांच्यात मिसळू देऊ नयेत. एकाएकी अनेक कोंबड्या मेल्यास त्या उघड्या हातांनी न हाताळता प्रथम पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे आणि तेथील सूचनेनुसार खोल खड्ड्यात चुना टाकून पुराव्यात.