गणवेश जूनला हवा, तर कापड कधी हवं?

2024-25 मध्ये महाराष्ट्रात ‘एक राज्य, एक गणवेश’ योजना राबवली गेली. सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या 40 लाखांहून अधिक मुलांसाठी कापडाची खरेदी एकत्र झाली. नियमित गणवेशाची शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे गेली, दुसऱ्या गणवेशाची शाळा व्यवस्थापन समित्यांकडे. जूनमध्ये शाळा भरल्या, पण स्वातंत्र्यदिन उलटला तरी अनेक ठिकाणी गणवेश पोचले नव्हते. पोचले त्यातले काही आखूड, काही ढगळ. डिसेंबरमध्ये सरकारने गणवेश घेण्याचा अधिकार पुन्हा या समित्यांकडे दिला.

याचा दोष शिवणाऱ्या बायकांच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. कापड आणि शिलाई यांचं अर्थकारण वेगळं असतं, तिथेच गाडी अडली.

कापडाला मोठी ऑर्डर मानवते. रंगाईचं यंत्र पाव भरलं तरी वेळ आणि इंधन फारसं वाचत नाही. तेच पूर्ण भरलं की मीटरमागचा खर्च उतरतो आणि छटाही सारखी येते. कटिंगचंही तसंच: आखणी एकदाच करायची आणि थरावर थर अंथरून एका दमात कापायचे. म्हणून एकत्र खरेदीची कल्पना मुळात चुकीची नव्हती.

शिलाई मात्र माणसाच्या हातावर चालते. समजा, एक बाई दिवसाला चार गणवेश शिवते. 40 लाख गणवेशांना दहा लाख दिवसांचं काम लागेल. ते 50 दिवसांत उरकायचं तर रोज 20 हजार यंत्रं चालली पाहिजेत. कापड उशिरा आलं आणि हाती 25 दिवसच उरले, तर 40 हजार. एवढे सरावलेले हात ऐनवेळी कुठून आणायचे? घाई करून घ्यायची तर मजुरी वाढवावी लागते. या योजनेत शाळा समित्यांकडे सोपवलेल्या दुसऱ्या गणवेशाच्या शिलाईला इतर खर्चासह 110 रुपये ठरले होते. त्या पैशांत शिंपी मिळेना, ही शाळांची तक्रार अगदी रास्त होती.

याउलट, सोलापूरचे गणवेश-उत्पादक जूनच्या कितीतरी आधी कामाला लागतात. पैसा कापडात अडकतो, गोदाम भरतं, पण शिलाईचा भार अनेक महिन्यांवर पसरतो. नेहमीचे रंग आणि नेहमीचे साइज आधी शिवून ठेवता येतात. शेवटच्या आठवड्यांत फक्त कमी पडलेले नग शिवायचे.

सरकारलाही हे जमू शकतं. कापड एकत्र घ्यावं, शिलाई तालुक्या-गावांत वाटावी, मापं मुलांची घ्यावीत आणि मजुरी मुदत पाहून ठरवावी. अडचण आर्थिक वर्षाची आहे. नवा निधी 1 एप्रिलनंतर सुटतो आणि शाळा साधारण 15 जूनला उघडते. मधल्या अकरा आठवड्यांत निविदा, विणाई, रंगाई, वाहतूक आणि शिलाई बसत नाही. कापडाची मंजुरी आदल्या दिवाळीच्या सुमारासच व्हायला हवी, म्हणजे फेब्रुवारीअखेर ते शिवणाऱ्यांच्या हाती पडेल.