शुद्ध हरपण्याआधीची नोंद

५ सप्टेंबर १८६२ रोजी दुपारी इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनहून कोळशाच्या वायूने भरलेला एक फुगा आकाशात चढला. टोपलीत दोघेच होते. ग्रीनिच वेधशाळेचे हवामानतज्ज्ञ जेम्स ग्लेशर आणि फुगा चालवणारे हेन्री कॉक्सवेल. एकोणतीस हजार फुटांच्या आसपास ग्लेशरना उपकरणांवरचे आकडे दिसेनासे झाले. मेजावरचा हात उचलेना, मान सावरेना, मग डोळ्यांपुढे काळोख पसरला. वायू सोडायच्या झडपेची दोरी वर गुंतली होती. ती सोडवायला कॉक्सवेल टोपलीवरच्या कड्यावर चढले, पण थंडीने हात निकामी झाले. शेवटी त्यांनी दोरी दातांत धरून हिसके दिले आणि फुगा उतरू लागला. ग्लेशरची शेवटची नोंद १ वाजून ५४ मिनिटांची होती. शुद्धीवर येताच त्यांनी पेन्सिल उचलली आणि २ वाजून ७ मिनिटांनी पुढची नोंद केली.

आपण ३७ हजार फूट गाठले असा ग्लेशरचा अंदाज होता. पुढच्या अभ्यासकांनी तो बराच खाली आणला. पण माझ्या लेखी त्या उड्डाणाचे खरे मोल वहीतल्या तेरा मिनिटांच्या कोऱ्या जागेत आहे. माणूस तिथे का कोसळतो, हा प्रश्न त्या जागेने पुढच्यांच्या हाती दिला.

उत्तर शोधले पॅरिसमधल्या शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी. हवेचा दाब कमी करता येईल अशा बंद कोठीत त्यांनी प्राण्यांवर आणि स्वतःवरही प्रयोग केले. विरळ हवेत प्राणवायू पुरेसा मिळत नाही, हेच दुखण्याचे मूळ असल्याचे त्यांनी दाखवले. कोठीत भोवळ येऊ लागली की प्राणवायू हुंगायचा, लगेच हुशारी येते. १८७४ मध्ये जोसेफ क्रोसे-स्पिनेली आणि तेओदोर सिव्हेल या कोठीत बसले आणि त्याच वर्षी प्राणवायू सोबत घेऊन फुग्यातून ७,३०० मीटरपर्यंत जाऊन सुखरूप आले.

१५ एप्रिल १८७५ रोजी हे दोघे गास्ताँ तिसांदिए यांच्यासह ‘झेनिथ’ फुग्यातून पुन्हा निघाले. प्राणवायू मिसळलेल्या हवेच्या तीन लहान पिशव्या सोबत होत्या. एवढा साठा पुरणार नाही, असे बेर यांनी पत्राने कळवले होते, पण ते पत्र उशिरा पोचले. साठा थोडा, म्हणून अगदी गरज भासेल तेव्हाच वापरायचा असे ठरले.

सात हजार मीटर ओलांडल्यावर तिसांदिएनी थरथरत्या अक्षरांत लिहिले की हात गोठलेत, पण आम्ही ठीक आहोत. सिव्हेलनी वाळूच्या पिशव्या मोकळ्या केल्या, फुगा आणखी चढला. आठ हजार मीटर झाल्याचे तिसांदिएना सांगायचे होते, पण जीभ हलली नाही. प्राणवायूची नळी हाताशीच होती, तिच्याकडे हात गेला नाही. मध्ये थोडी शुद्ध आली, पुन्हा गेली. साडेतीनच्या सुमारास त्यांनी डोळे उघडले तेव्हा दोन्ही सोबती मरून पडले होते. फुगा ८,६०० मीटरपर्यंत गेला होता. तिसांदिए वाचले, पण त्यांची श्रवणशक्ती गेली.

त्या वेळी तिघांपैकी कुणालाच त्रास जाणवला नव्हता. उलट मन हलके, प्रसन्न होते, असे तिसांदिएनी पुढे लिहिले. जीव गुदमरल्याची खूणच शरीर देत नाही, विचारशक्ती आधी जाते आणि आपण ठीक आहोत असे वाटत राहते. गरज भासेल तेव्हा घेऊ, हा हिशेब तिथेच चुकला.

धडा कळला तरी त्याची किंमत संपली नव्हती. १९०१ मध्ये आर्थर बेर्सन आणि राइनहार्ड झ्युरिंग बर्लिनहून निघून १०,८०० मीटरवर पोचले. प्राणवायू घेत असूनही दोघे बेशुद्ध पडले, मात्र परतले. १९२७ मध्ये अमेरिकी लष्कराचे कॅप्टन हॉथॉर्न ग्रे उघड्या टोपलीतून बेचाळीस हजार फुटांवर गेले आणि फुगा त्यांचा मृतदेह घेऊन उतरला.

तेव्हा ऑग्युस्त पिकार यांनी वाट बदलली. माणसाने विरळ हवा सोसण्यापेक्षा जमिनीवरची हवाच बरोबर न्यायची. २७ मे १९३१ रोजी ते आणि पाउल किप्फर ॲल्युमिनियमच्या हवाबंद गोळ्यात बसून आउग्सबुर्गहून निघाले. गोळ्याला गळती लागली, ती व्हॅसलिनने बुजवली. झडपेची दोरी अडकल्याने लवकर उतरता येईना. पाणी संपल्यावर भिंतीवरचे दव चाटून त्यांनी तहान भागवली. पण १५,७८१ मीटरवर माणूस शुद्धीत राहिला. २००५ मध्ये विजयपत सिंघानिया मुंबईहून गरम हवेच्या फुग्यातून एकवीस हजार मीटरवर जाऊन नाशिक जिल्ह्यात उतरले, तेही अशाच हवाबंद खोलीत बसून.

आज अकरा हजार मीटरवरून जाणाऱ्या विमानात आपण निवांत झोपतो. तरी निघण्यापूर्वी सूचना होतेच: मास्क खाली आला तर आधी स्वतःचा लावा, मग शेजाऱ्याचा. पुढच्या वेळी ती कान देऊन ऐका. हाताशी असलेली नळी तोंडाला लावायची राहून गेल्याने सिव्हेल आणि क्रोसे-स्पिनेली परतले नाहीत.