व्हिजिट व्हिसावर नोकरी : आधी हिशेब मांडा

सातपुड्यातल्या काठीची राजवाडी होळी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिथल्या बाजाराची कल्पना असेल. महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेश, तिन्हीकडून माणसे डोंगर तुडवून येतात. आम्ही कापडवाले पाल ठोकून बसतो. रात्री रुमाल आणि ओढण्या चांगल्या भावाने जातात. पहाटे होळी पेटते आणि भाव उतरू लागतो. उजाडल्यावर गिऱ्हाईक आपापल्या पाड्याकडे निघते, आम्हाला गाठोडी बांधून घाट उतरायचा असतो. ही घाई आम्हाला असते तशी गिऱ्हाइकालाही ठाऊक असते. म्हणून तो पहाटेपर्यंत थांबतो.

गेल्या होळीत माझ्या शेजारच्या पालात शिलाई मशीन घेऊन बसलेला एक तरुण कारागीर मला म्हणाला, "चाचा, सुरतचा एक एजंट दुबईला पाठवतो म्हणतो. साठ दिवसांचा व्हिजिट व्हिसा. तिथे गेल्यावर नोकरी मिळते, मग व्हिसा बदलून देतात. नव्वद हजार मागतो. दहा हजार बयाणा देऊन बसलोय. जाऊ का?"

अशी विचारणा मला वर्षातून दोन-चारदा तरी होते. अक्कलकुवा, तळोदा, नंदुरबार इथल्या अनेक दुकानदारांनाही होत असेल. म्हणून या विषयाचा जमाखर्च वाचक बंधूंसमोर मांडतो.

'व्हिजिट' म्हणजे काय?

त्या तरुणाने मोबाईलवर व्हिसाचा कागद दाखवला. माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. अरबी भाषा मला येत नाही, परंतु लिपी वाचता येते आणि ओळखीचे शब्द सापडतात. अमिरातीचा व्हिसा अरबी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असतो. त्यावर 'झियारा' हा शब्द असेल तर तो आपल्या उर्दूतला 'जियारत', म्हणजे भेट. 'सियाहा' असेल तर 'सियाहत', म्हणजे पर्यटन. कामाचा परवाना असेल तर त्यावर 'अमल', म्हणजे काम, हा शब्द असतो. त्या कागदावर 'सियाहा' होते. एजंटाने मात्र त्याला "हा नोकरीचाच कागद आहे" असे सांगितले होते. उर्दू शिकलेल्या आपल्या बांधवांनी एवढे तरी वाचून पाहावे. शेजाऱ्याचा कागदही वाचून द्यावा.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. अमिरातीत भेटीच्या व्हिसावर जाऊन नोकरीची चौकशी करणे, मुलाखत देणे हा गुन्हा नाही. नोकरी मिळाली तर मालक परवाना काढतो आणि देश न सोडताही व्हिसा बदलता येतो. एजंट इतकेच सांगतो आणि ते खोटे नाही. पुढची ओळ तो सांगत नाही. परवाना हातात येण्यापूर्वी एक दिवसही काम करणे बेकायदेशीर आहे, पगार मिळो वा न मिळो. सौदी अरबस्तानातही व्हिजिट किंवा उमरा व्हिसावर काम करणे गुन्हा आहे.

२०२४ मध्ये अमिरातीने आपला कामगार कायदा आणखी कडक केला. विनापरवाना माणूस कामावर ठेवणाऱ्या मालकाला १ लाख ते १० लाख दिरहम दंड होऊ शकतो. याचा परिणाम नीट ध्यानात घ्या. ज्या मालकाला आपला धंदा प्रिय आहे, तो व्हिजिटवाल्याला दुकानात उभे करणार नाही. उभे करील तो असाच मालक, ज्याला दंडाची भीती नाही किंवा ज्याला पगार द्यायचाच नाही.

मुदत कोणाच्या बाजूने असते?

काठीच्या बाजारात पहाटे जी गत आमच्या रुमालांची होते, तीच व्हिजिटवाल्या कारागिराची होते. पहिल्या आठवड्यात तो चांगल्या पगाराखाली बोलत नाही. महिना उलटतो, खोलीचे भाडे आणि खाण्याचा खर्च चढत जातो. पंचेचाळिसाव्या दिवशी तो निम्म्या पगारालाही हो म्हणतो. मुदत संपत आल्याचे त्याच्या चेहऱ्यावर दिसते आणि समोरचा मालक जुना गिऱ्हाईक असल्यासारखा थांबून राहतो.

मुदत संपल्यावर काय? २०२२ पासून तिथे जादा राहिलेल्या प्रत्येक दिवसाला ५० दिरहम दंड आहे. २०२५ मध्ये एक दिरहम सुमारे २३-२४ रुपयांचा होता. नव्वद दिवस जादा राहिले तर ४,५०० दिरहम, म्हणजे रक्कम लाखाच्या घरात जाते. तेवढे पैसे नाहीत म्हणून माणूस परत येत नाही आणि परत येत नाही म्हणून दंड वाढतो. सरकारने अधूनमधून माफी जाहीर केली आहे. १९९६, २००७, २०१८ मध्ये तशी माफी झाली. शेवटची मोठी माफी १ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाली आणि ३१ डिसेंबर २०२४ ला संपली. पुढची कधी होईल, होईल की नाही, यावर कोणी हिशेब बांधू नये.

माझ्याच दुकानाशी जोडलेला एक कारागीर २०२३ मध्ये असा गेला होता. तिकिटाचे पैसे मीच उधार दिले होते आणि कागद न वाचता दिले होते. एका शिलाई दुकानात त्याने चाळीस दिवस काम केले. "परवाना होतो आहे" असे रोज ऐकले. एक दिवस मालकाने उद्यापासून येऊ नको म्हटले. पगार मागायला कुठे जाणार? तक्रार करायची तर आधी आपण विनापरवाना काम केले हे कबूल करावे लागते. तो मुदतीत परत आला हेच पुष्कळ. मशीन मात्र जाण्यापूर्वीच विकून झाले होते. माझी उधारी मी सोडली, परंतु त्याचे वर्ष मला परत देता आले नाही.

उलटी उचल

आपल्या भागातला माणूस स्थलांतराला नवा नाही. अक्कलकुवा आणि धडगावकडची कुटुंबे दरसाल ऊसतोडीला आणि बांधकामावर गुजरातेत जातात. तिथे मुकादम मजुराला आधी उचल देतो. त्या पद्धतीत पिळवणूक आहे, परंतु निदान पैसा मजुराकडे येतो आणि मुकादमाला काम द्यावेच लागते. परदेशच्या व्यवहारात हे उलटे होते. इथे मजूरच एजंटाला उचल देतो. पैसा पोहोचला की एजंटाची जोखीम संपते आणि मजुराची सुरू होते. ज्याने उचल घेतली तो बांधला जात नाही, ज्याने दिली तोच बांधला जातो. असा सौदा आपण कापडात कधी करू का?

कोकणचा दाखला

"कोकणातली माणसे अशीच गेली आणि घरे बांधली," असे आपल्याला ऐकवले जाते. १९७३ नंतर तेलाचा पैसा आला, आखातात कामे निघाली आणि रत्नागिरी, रायगडची माणसे मोठ्या संख्येने गेली, हे खरे आहे. परंतु तिथे भाऊ, मेहुणा किंवा गाववाला आधी पोहोचलेला असे. त्याच्या खोलीत जागा मिळे, दोन महिने जेवण मिळे, कोणता मालक पगार बुडवतो याची खबर मिळे. भेटीच्या व्हिसावर गेलेल्याला मुदतीची घाई तितकी जाचत नसे. काठी-मोलगीकडच्या मुलाला तिथे कोणाची खोली आहे? विमानतळावर घ्यायला येणारा एजंटाचाच माणूस आणि खोलीही त्याचीच. शिवाय तो काळ निराळा होता. २०२४ मध्ये दुबईला निघालेल्या भेटवाल्यांकडे परतीचे तिकीट, राहण्याचा पुरावा आणि ३,००० दिरहम दाखवण्याची मागणी होऊ लागली होती. कागद अपुरे असतील तर माणूस विमानतळावरूनच परत येतो आणि तिकीट वाया जाते.

आणखी एक धोका २०२२ पासून समोर आला आहे. थायलंडला फिरायला किंवा कॉम्प्युटरच्या नोकरीला नेतो म्हणून तरुणांना म्यानमार, लाओस, कंबोडियात नेले गेले आणि फोनवरून लोकांना फसवण्याच्या कामाला जुंपले गेले. मार्च २०२५ मध्ये अशा ५४९ भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले. त्यामुळे पगार कितीही मोठा सांगितला तरी भेटीच्या प्रवेशावर अनोळखी देशात पाऊल टाकू नये.

आपल्याकडचा कायदा

परदेशी नोकरीसाठी आपल्याकडे १९८३ चा उत्प्रवासन कायदा आहे. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर साधारणपणे 'ईसीआर' असा शेरा असतो. असा पासपोर्टधारक अमिराती, सौदी, कतार, ओमान, कुवेत, बहरीन यांसह १८ देशांत नोकरीला जाताना 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. मुंबईत त्यांचे कार्यालय आहे. हे काम आता ई-मायग्रेट या सरकारी यंत्रणेतून ऑनलाईन होते. मंजुरीपूर्वी मालक, पगार आणि करार यांची नोंद होते.

फिरायला जाणाऱ्याला ही मंजुरी लागत नाही. एजंट याच दारातून माणूस बाहेर काढतो. कामगार वाटतो, "कटकट वाचली." प्रत्यक्षात कटकटीबरोबर संरक्षणही गेले. सरकारी मंजुरीने जाणाऱ्याला प्रवासी भारतीय बीमा योजना घ्यावीच लागते. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५ रुपये, कर वेगळा. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपयांचे संरक्षण आहे. मंजुरी टाळून व्हिजिटवर गेलेला माणूस परातीवरून पडला तर त्याच्या घरच्यांच्या हाती असा कोणताही कागद नसतो.

एजंटाबद्दलही नियम स्पष्ट आहे. नोंदणीकृत एजंटालाच भरती करता येते. 'सब-एजंट' नावाचा माणूस कायद्याला मान्य नाही. नोंदणीकृत एजंटाने कामगाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी घ्यावा, पावती द्यावी. १८ टक्क्यांनी ही रक्कम ३५,४०० होते. नव्वद हजार मागणारा माणूस आपली ओळख स्वतःच करून देतो. अमिरातीच्या कायद्यानुसार तर भरतीचा खर्च मालकानेच सोसायचा आहे.

कारागिराने काय करावे?

१) पैसे देण्यापूर्वी व्हिसा वाचावा. 'अमल' नसेल तर बयाणाही देऊ नये.

२) अमिरातीत नोकरी असेल तर तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाच्या नमुन्यातले नोकरीचे पत्र मागावे. त्यात पगार, काम आणि मालकाचे नाव असते. आपल्याला समजेल त्या भाषेत ते वाचून मगच सही करावी.

३) एजंटाचे नाव ई-मायग्रेटच्या यादीत पाहावे. मुलाला मोबाईलवर पाच मिनिटे लागतात.

४) रोख पैसे देऊ नयेत. बँकेतून द्यावेत, पावती घ्यावी.

५) राहिलेली दहावी पूर्ण करावी किंवा मान्यताप्राप्त आयटीआयचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करावा. त्यावर 'ईसीआर' शेरा निघतो आणि हाताला पगारही बरा मिळतो.

६) मशीन, दागिना, दुकान विकून जाऊ नये. परतल्यावर उभे राहायला जागा ठेवावी.

पदवीधर मुलांसाठी अमिरातीने २०२२ मध्ये नोकरी शोधण्याचा वेगळा व्हिसा सुरू केला. त्याला मालक किंवा हमीदार लागत नाही, परंतु किमान पदवी आणि वरच्या दर्जाचे कौशल्य किंवा नामांकित विद्यापीठ अशा अटी आहेत. शिंपी, सुतार, गवंडी यांना तो लागू नाही. एजंट त्याचे नाव सांगून व्हिजिटचाच कागद हाती देत असेल तर सावध राहावे.

जे आधीच तिथे पोहोचले आहेत त्यांनी मुदतीची तारीख भिंतीवर लिहून ठेवावी. परवान्याशिवाय कामाला हात लावू नये. मुदतीपूर्वी आठ दिवस निर्णय करावा आणि परवाना नसेल तर परतावे. पासपोर्ट कोणी अडवला तर दुबईतील भारतीय वाणिज्य दूतावासाकडे जावे. पासपोर्ट अडवणे तिथल्या कायद्यालाही मान्य नाही. घरच्यांना परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' या व्यवस्थेत तक्रार नोंदवता येते.

व्यापाऱ्याने माल पाहायला, भाव काढायला व्हिजिटवर जरूर जावे. बर दुबई आणि देराचे कापडबाजार पाहण्यासारखे आहेत. तो व्हिसा त्याच कामासाठी आहे. परतीची तारीख ठरलेली असते आणि घरचे दुकान चालू असते, म्हणून त्याला घाई नसते.

काठीच्या त्या तरुणाला मी हेच सांगितले. त्याने उरलेले ऐंशी हजार दिले नाहीत. दहा हजारांचा बयाणा अजून परत मिळालेला नाही, आम्ही मागतो आहोत. दहावीचे राहिलेले दोन विषय त्याने भरले आहेत आणि मशीन चालू आहे. आपल्यापैकी ज्याच्याकडे असा मुलगा उधारी मागायला येईल, त्याने पैसे मोजण्यापूर्वी त्याचा कागद वाचावा. तेवढे मी २०२३ मध्ये केले नव्हते.