राबाच्या राखेंतील रसायन

हरसूलच्या डोंगरउतारावर नागलीचें रोप टाकण्यापूर्वीं पालापाचोळा, फांद्या व शेण पसरून राब भाजतात, हें विद्यार्थ्यांनीं पाहिलेंच असेल. शेण वाळतें तेव्हां केवळ पाणी उडून जातें. भिजवितांच तें पुन्हां ओलें होतें. हा भौतिक बदल होय. राब पेटला म्हणजे मात्र कर्ब हें मूलद्रव्य प्राणवायूशीं संयोग पावून कर्बद्विप्राणिद वायु हें संयुग बनतें. मागें उरलेली राख म्हणजे पालाश, चुना इत्यादि क्षारांचें मिश्रण. ती भिजविल्यानें फांदी परत मिळत नाहीं. हा रासायनिक बदल. उष्णतेनें तणाचें बीं जळतें, हा लाभ खरा. परंतु बहुतेक नत्र हवेंत जातो. म्हणून निदान शेण तरी खड्ड्यांत कुजवावें, असें आम्हांस वाटतें. कुजणें हाहि रासायनिकच बदल. खड्ड्यांत हात घातल्यास त्याची ऊब लागते.