घुबडाच्या घरट्याचे गणित

पडक्या वाड्यात किंवा धान्याच्या गोदामात रात्री 'श्श्श्' असा फुत्कार ऐकू आला, की माणसे साप समजून दचकतात. पण तो आवाज गव्हाणी घुबडाच्या पिल्लांचाही असू शकतो. पत्त्यातील बदामासारखा पांढरा चेहरा असलेले हे घुबड माणसाच्या वस्तीजवळ, आडोशाच्या कोनाड्यात अंडी घालते.

आत काय चालले आहे ते पाहायला शिडी लावायची काय? मुळीच नाही. अंड्यांवरची मादी बिचकली, तर घरटे कायमचे सोडून जाण्याचा धोका असतो. बाहेर बसूनही पुष्कळ कळते.

प्रथम थोडे गणित करू. मादी साधारणपणे ४ ते ७ अंडी घालते. दोन अंड्यांत २ ते ३ दिवसांचे अंतर असते. कोंबडी सगळी अंडी घालून झाल्यावर उबवायला बसते. ही मादी मात्र पहिल्या अंड्यापासूनच बसते. प्रत्येक अंडे सुमारे महिनाभराने फुटते. समजा, ६ अंडी दोन-दोन दिवसांनी घातली. मधली अंतरे ५, म्हणजे दिवस झाले १०. धाकटे पिल्लू अंड्यातून बाहेर येते, तेव्हा थोरले १० दिवसांचे झालेले असते!

असे का? उंदीर भरपूर असले, तर सगळीच पिल्ले जगतात. टंचाई आली, तर धाकट्यावर आधी संकट येते; पण थोरली तरी वाचतात. सगळी सारख्या वयाची असती, तर थोडे अन्न सर्वांत वाटले जाऊन सगळीच दुबळी राहिली असती, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. तरीही हा हिशेब केवळ निष्ठुर नाही. स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञ अलेक्झांडर रूलँ यांच्या अभ्यासात असे दिसले, की आईबाप बाहेर असताना पिल्ले आवाजांनी एकमेकांना आपली भूक कळवतात. कमी भुकेले पिल्लू मागे सरते. कधी थोरले आपला घास धाकट्याला देते.

आता तुमचे काम. घरातील मोठ्या माणसाला सोबत घ्या. घरट्यापासून शंभर पावलांवर संध्याकाळी स्वस्थ बसा. बॅटरीचा झोत घरट्यावर टाकू नका. पालक पक्षी भक्ष्य घेऊन किती वाजता आला, ते वहीत लिहा. दर आठवड्याला त्याच वारी, तितकाच वेळ बसा आणि तासाला किती खेपा झाल्या, याचा आलेख काढा. पिल्ले वाढू लागली, की खेपाही वाढतात. सुमारे ८ ते ९ आठवड्यांनी पिल्ले उडू लागतात. त्या सुमारास ती तिन्हीसांजेला घरट्याच्या तोंडाशी येऊन बसतात. तेव्हा ती मोजा.

सगळी उडून गेल्यावर खाली पडलेल्या काळपट गोळ्या गोळा करा. ही विष्ठा नव्हे. घुबड उंदीर सबंध गिळते आणि न पचलेली हाडे व केस यांची गोळी ओकून टाकते. हातमोजे घालून गोळी पाण्यात भिजवा, चिमट्याने सोडवा, नंतर हात साबणाने धुवा. पुढे दोन नारिंगी पटाशीचे दात आणि मागे मोकळी जागा दिसली, तर ती उंदराच्या जातीची कवटी. एका गोळीत अनेकदा तीन-चार कवट्या निघतात.

घुबडांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. तरीही अपशकुनी म्हणून त्यांना दगड मारले जातात. कोणी घरटे मोडायला निघाले, तर वाद घालू नका. मोजलेल्या कवट्या कागदावर मांडून त्याच्यापुढे ठेवा आणि विचारा, "काका, हे सगळे उंदीर जिवंत असते, तर तुमच्या कणगीत किती दाणे उरले असते?"