आधी व्हाळ, मग काठी

दिवाळीच्या सुट्टीत कुडाळ तालुक्यातल्या एका वाडीखालच्या व्हाळावर दोघे गरवायला उतरतात. नातू मुंबईहून आलेला. त्याच्या हातात दुकानातून आणलेला सहा फुटी रॉड, त्याला रीळ आणि चकचकीत कड्या. आजोबांच्या हातात माणग्याची बारा-तेरा फुटी काठी, आणि शेंड्याला बांधलेली तंगूस जेमतेम चार फूट. व्हाळ दहा फूट रुंद. पाहणाऱ्याला वाटावं, दोघांच्या काठ्यांची अदलाबदल झाली असेल.

नातू गरी फेकायला हात मागे नेतो आणि ती पाठीमागच्या करंजात अडकते. सोडवून पुन्हा फेकतो, तर आता समोरच्या शेरणीच्या झुडपात. पाण्यावर ओणवलेल्या फांद्यांखाली, जिथे खरोखर मासा असतो, तिथे त्याची गरी पोचतच नाही. आजोबा फेकत नाहीत. ते तंगूस काठीच्या शेंड्याभोवती गुंडाळतात, शेंडा दोन फांद्यांच्या फटीतून हळूच पलीकडे सारतात आणि काठी बोटांत उलटी फिरवतात. तंगूस उलगडते, गांडुळाचं आमिष कोंडीच्या कडेला अलगद उतरतं.

“आदी व्हाळ बघ रे, मगे काठी,” एवढंच ते म्हणतात.

अरुंद पाणी म्हणजे आखूड काठी, हा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. गरी फेकायची असेल तर आखूड काठी बरी, कारण ती फिरवायला कमी जागा लागते. पण झाडोऱ्यात फेकायलाच जागा नसते, तिथे गरी नेऊन ठेवावी लागते. त्यासाठी लांब काठी आणि आखूड दोरी यांची जोडी हवी. जपानच्या डोंगरी ओढ्यांवरही ही रीत आहे. तिला ‘चोचिन’, म्हणजे कागदी कंदील, हे नाव पडलं, कारण काठीच्या टोकाला कंदील लोंबावा तशी गरी लोंबते. दोन प्रदेशांतल्या दाट झाडीने माणसांना एकच उपाय शिकवला.

लांबीचा आणखी एक फायदा चटकन ध्यानात येत नाही. काठावरच्या पावलांची थरथर पाण्यात उतरते आणि माशाला ती अंगावरच्या पार्श्वरेषेने कळते. उथळ, नितळ व्हाळात माणसाची सावलीही पुरते. बारा फुटी काठी माणसाला काठापासून दोन-तीन पावलं मागे उभं राहू देते. सहा फुटीवाल्याला पार कडेवर जावं लागतं, आणि तो पोचेपर्यंत कोंड रिकामी झालेली असते.

लांब काठी गरी पोचवते, पण मासा बाहेर कसा काढायचा? वर फांद्यांचं छत असेल तर काठी उभी करता येत नाही. आजोबा ती आडवीच धरतात आणि हातावर हात टाकत बुंध्याकडून मागे ओढत नेतात, शेंडा हाताशी येईपर्यंत. याला पाठीमागे काठीएवढी मोकळी वाट लागते. म्हणून काठी ठरवण्याआधी पाण्याच्या रुंदीबरोबर डोक्यावरची आणि पाठीमागची जागाही पाहावी लागते. पाठीशी दरड असेल तर तेरा फुटी काठी निरुपयोगी, तिथे सात-आठ फुटीच बरी.

तेवढ्यात शिंगटी लागते. हिच्या पाठीवरच्या आणि कल्ल्यांमागच्या परांना टोकदार काटे असतात, म्हणून आजोबा तंगूस धरतात, मासा नाही. काठी कमानीसारखी वाकते, पण सगळीकडे सारखी नाही. शेंड्याकडचा तिसरा हिस्सा जास्त, बुंधा जवळपास सरळ. चांगल्या काठीची पारख इथे होते. शेंडा करंगळीहून बारीक आणि लवचीक असावा, म्हणजे हलका झटकाही कळतो आणि तंगूस तुटत नाही. बुंधा ताठ असावा, म्हणजे मासा मुळांत शिरण्याआधी वळवता येतो.

माणगा याला उत्तम. सिंधुदुर्गात घराघरांच्या कुंपणाला असणाऱ्या या बांबूला काटे नसतात आणि खालची पेरं जवळजवळ भरीव असतात. काठी कोवळी तोडू नये. ती सुकताना चिंबते. दोन-तीन वर्षांची, पाऊस सरल्यावर तोडलेली टिकते, कारण तेव्हा तिच्यात पिठूळ अंश कमी असतो आणि भुंगेरा कमी लागतो. वाकडी पेरं निखाऱ्यावर शेकायची, गरम असतानाच सरळ करायची आणि थंड होईपर्यंत तशीच धरायची. फांद्यांचे डोळे तासताना सुरी खोल गेली तर काठी पुढे नेमकी तिथेच मोडते.

बांबू मिळत नसेल तर दुकानातली घडीची काठी चालते. मात्र कड्या नसलेली घ्यावी, कारण कड्यांत पानं आणि काटक्या अडकतात, नुसती काठी झुडपातून सुळकन बाहेर येते. कार्बनची काठी हलकी आणि ताठ असते, पण दगडावर आपटली तर तडकते. काचतंतूची जड असते, पण धसमुसळेपणा सोसते. व्हाळावर शिकणाऱ्याने दुसरीच घ्यावी. शिवाय कार्बनमधून वीज वाहते, आणि कोकणात शेतपंपांच्या तारा व्हाळावरून गेलेल्या असतात. ओला बांबूही तिथे धोक्याचाच. तारेखाली कुठलीच काठी उचलू नये.

दुसऱ्या दिवशी नातू रॉड घरी ठेवून येतो. आजोबांची जुनी काठी घेऊन तो आधी व्हाळाच्या काठाने वरपर्यंत नुसता चालतो, फटी बघत, पाठीमागे वळून बघत. दुपारपर्यंत त्याला दोन शिंगट्या मिळतात.

काठी तोडायची वा घ्यायची असेल तर आता, पाणी निवळल्यावर, आपला व्हाळ असाच चालून बघा. आणि मिरगानंतर चढणीचे मासे अंडी घालायला वर येऊ लागतील, तेव्हा काठी वळचणीला आडवी, दोन-तीन ठिकाणी आधार देऊन बांधून ठेवा. ती सरळही राहील आणि मासेही वर पोचतील.